तीन दिवसांच्या लेंड्या

९ मार्च

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते. आज मनात एकही नाही.

तुझा अहवाल वाचला. तू कशाला पाठवशील! पशु-कार्यालयाच्या कारकुनाने नोटिशीला टाचून पाठवला. पान एकोणीस, खालून चौथी ओळ: ‘चाचणीतील अकरा शेळ्यांचा मृत्यू पालकाने ठरलेल्या मात्रेपेक्षा अधिक खुराक एकाच वेळी दिल्यामुळे झाला.’ पालक म्हणजे कोण, हे मी समजावून सांगायला नको. शेळ्यांची पालक मी, आणि आई गेल्यावर सात वर्षं तुझीही मीच होते.

चष्मा हाताशी नव्हता म्हणून आधी यांच्याकडून वाचून घेतलं. त्या ओळीशी तुझे दाजी थांबले, उठून पाणी प्यायले, मग पुढचं वाचलं. इतकं लागलं त्यांना. नंतर मी भिंग घेऊन स्वतः वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. अजून बसत नाही.

निळा मग कुणी दिला होता? तू. ‘ताई, मग भरायचा, हाताने सपाट करायचा, शीग लावायची नाही.’ पहिल्या दिवशी एका शेळीला पाव मग भरडा, मग दर दोन दिवसांनी चिमूट चिमूट वाढवत तीन आठवड्यांनी दोन मग. वेळापत्रक तुझं, भरडा तुझ्या संस्थेच्या पोत्यातला, बारा शेळ्या गोठ्यात खुराकावर आणि बारा डोंगरावर झुडपांवर ही वाटणीही तुझी. माझ्या फक्त शेळ्या. त्या तेवढ्या मेल्या. शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, तसं झालं हे. तुझं माप चुकलं, हे लिहायला तुझी लेखणी अडखळली आणि मोठ्या बहिणीचं नाव लिहायला नाही.

नोटिशीत काय आहे ते ऐक. अठ्ठावीस एप्रिलला सुनावणी. निष्काळजी पालकाला डोंगरावरच्या चराईचा परवाना ठेवता येत नाही. परवाना गेला की शेळ्या विकायच्या, महिन्याच्या आत. चाळीस होत्या, एकोणतीस उरल्या आहेत. बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही आणि आता या वयात मला कुणी दुसरं शिकवणारही नाही.

हे म्हणतात, ‘जाऊ दे ना. सख्ख्या बहिणीशी कसला वाद? थोड्या विकू, थोड्या माझ्या भावाकडे ठेवू.’ देवमाणूस आहे. मी नाही. तू एका कागदावर लिहून दे की वेळापत्रकात चूक होती. एवढंच मागते.

ताई


२० मार्च

धाकटे,

तुझा ड्रायव्हर येऊन गेला. लेंड्यांच्या नळ्या ठेवायची बर्फाची पेटी न्यायला आला होता, स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी सहा महिने पडून होती ती. जाताना एक पाकीट देऊन गेला. मी हात पुसून, खुर्चीवर नीट बसून उघडलं. आत सात पानं आकडे. पत्र नाही, चिठ्ठी नाही, ‘ताई’ एवढा शब्दही नाही. मी माफी मागायला लावली तर तू पाढे पाठवलेस.

वर ड्रायव्हर दारात घुटमळला आणि म्हणाला, ‘मॅडमनी विचारलंय, त्या आठवड्यात शेळ्यांजवळ कोण होतं?’

मी म्हटलं, ‘मी. दुसरं कोण असणार? रोजच्या तक्त्यावर माझी रोजची सही आहे, बघ म्हणावं.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हे आत चहा गाळत होते, कप बशीवर आपटल्याचा आवाज आला. त्यांनाही राग आला असणार.

मला सगळ्यात काय झोंबलं ते सांगू? चौदा वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नव्हतंस. शेळ्यांच्या वासाने डोकं दुखतं म्हणायचीस. आणि गेल्या वर्षी आलीस ती शेळ्यांसाठीच. ओट्याला टेकून उभी राहिलीस, लेंडी हातमोज्यात धरून मला शिकवत होतीस, ‘ताई, तू शेळीला चारत नाहीस. तिच्या पोटात कोट्यवधी जीव आहेत, त्यांना चारतेस. ते पाला खातात, आणि शेळी त्यांच्यावर जगते.’ मी म्हटलं, म्हणजे मी इतक्या जणांचं करते आणि घरात कुणाला कौतुक नाही. तू इतकी हसलीस की मोजा ओट्यावर पडला. मी तो ओटा तीनदा धुतला, पण राग नाही आला.

त्यानंतर रोज तू मला काहीतरी सांगायचीस. पाला खाणारे जीव वेगळे, धान्य खाणारे वेगळे. धान्य वाढवलं की दुसरी वस्ती हळूहळू वाढते, तिला तीन आठवडे लागतात. एकदम ओतलं तर आंबट करणारे माजतात, पोटात आम्ल होतं, आणि शेळी आतून भाजते. हे सगळं मी तुझ्या तोंडून शिकले. मग मीच जाऊन एकदम ओतीन? मला तू इतकी मठ्ठ समजतेस?

आणि ज्या वाचल्या, त्या कुणी वाचवल्या? चाचणीबाहेरच्या, शेजाऱ्याच्या कळपाबरोबर डोंगरावर असलेल्या धडधाकट शेळ्या पकडून, रवंथ करताना त्यांच्या गालात बोट घालून तो घास काढला, आणि लोळणाऱ्या शेळ्यांच्या जिभेखाली कोंबला. दिवसभर तेच. बोटं चावून घेतली. आजी करायची तसं. पाच उठल्या. तुझ्या अहवालात पान बावीसवर त्याचं कौतुक आहे, ‘निरोगी जनावराच्या पोटातील जिवाणूंचे रोपण’. तिथे मात्र पालकाचा उल्लेख नाही. मरणाला मी, जगवण्याला विज्ञान.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

हे पत्र लिहायला तीन दिवस लावले.

कार्यालयाचा कारकून घरी आला होता. चांगला माणूस आहे, पायातले बूट दाराबाहेर काढून आला. त्याने ऑक्टोबरचे तक्ते टेबलावर पसरले आणि नऊ सह्यांवर एकेक बोट ठेवलं. म्हणाला, ‘मावशी, रोजची सही रोज थोडी वेगळी येते. या नऊ एका बैठकीतल्या दिसतात.’ मी म्हटलं, माझा हात स्थिर आहे.  तो तक्ते गोळा करून गेला.

सांगते आता. सह्या आधीच करून ठेवल्या होत्या. मी त्या नऊ दिवसांत घरी नव्हते.

ऑक्टोबरच्या सातला सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा खाली आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, आजच्या आज शहरात जा. ऑपरेशन झालं. नंतर पालथं पडून राहायचं, मान खाली, दिवसरात्र. तुझ्या संस्थेपासून दोन चौकांवरच्या हॉस्पिटलात मी उशीत तोंड खुपसून नऊ दिवस पडले होते, आणि तुला कळवलं नाही.

का नाही कळवलं? तुझा नियम होता, पालक बदलायचा नाही. ‘ताई, हे तीन आठवडे तुला आजारी पडायचीसुद्धा परवानगी नाही,’ असं म्हणाली होतीस. थट्टेत म्हणालीस, पण मला माहीत होतं, मी सांगितलं असतं तर तू चाचणी बंद करून दुसरा कळप बघितला असतास. मग या घरात यायचं तुला काय कारण उरलं असतं? म्हणून जायच्या आधी टेबलाशी बसून, एका डोळ्याने, नऊ तक्त्यांवर सही केली. तुला फसवलं. बोलले नाही कारण लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

पण शेळ्या यांच्याकडे सोपवून गेले होते, वाऱ्यावर नाही. निळा मग हातात देऊन, दोनदा म्हणवून घेऊन. सकाळी डोंगरावरच्या बारा बाहेर, गोठ्यातल्या बारांना माप. प्रत्येक शेळीच्या लेंड्या वेगळ्या नळीत, नळीवर तारीख. मी सतराला डोळ्यावर पट्टी बांधून आले तेव्हा सात मेलेल्या होत्या. ह्यांनी मला सांगितलं, ‘कालपर्यंत ठणठणीत होत्या गं. मापानेच घातलं.’ डोक्यावर हात ठेवून सांगितलं, माझ्या डोक्यावर.

म्हणून माझं म्हणणं तेच आहे. मी घरी नव्हते, हा माझा गुन्हा. माप चुकलं, हा तुझा. माझा मी कबूल केला. आता तू कर.

ताई


११ एप्रिल

धाकटे,

तुझी सात पानं वाचली.

काल हे बाजारात गेले होते. मी खिडकीपाशी टेबल ओढलं, भिंग घेतलं. उजव्या डोळ्याने सरळ रेघ अजून वाकडी दिसते म्हणून फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. तू शिकवलं होतंस तसंच, डावीकडे शेळीचा नंबर, वर तारीख, खाली आंबट करणाऱ्या जिवांचा शंभरातला वाटा. ऑक्टोबर सात, आठ, नऊ. डोंगरावरच्यांचा दोन, तीन, दोन. गोठ्यातल्यांचा सहा, सात, आठ. तू म्हणाली होतीस तशी वस्ती हळूहळू बदलत होती. तेरापर्यंत सगळं कसं सरळ होतं. मापाने घातलं होतं त्याने तेरापर्यंत, हे मी मान्य करते.

मग चौदा. एकेचाळीस. पंधरा, एकेचाळीस. सोळा, चाळीस.

आधी मला आनंद झाला. म्हटलं, सापडली! एका दिवसाचा आकडा तीनदा चिकटवला बाईने. मग बोट खाली नेलं. चोवीसच्या चोवीस शेळ्यांना तेच. सात नंबरची म्हातारी, जिने कागदोपत्री भरड्याचा दाणा पाहिलेला नाही, तिलाही एकेचाळीस. तू खोटे आकडे लिहिले असतेस तर इतके बावळट लिहिले नसतेस. दोन शेळ्यांची पोटं कधी सारखी नसतात, एका शेळीचं पोट दोन दिवस सारखं नसतं, हे तूच सांगितलंस. मग चोवीस शेळ्या तीन दिवस एकच कशा?

एकाच घमेल्यातून भरल्या असतील तर.

फूटपट्टी हातात धरून मी बसून राहिले. बहात्तर नळ्या, एका दिवशी, गोठ्यातल्या जमिनीवरून खरवडून. भरणारं माणूस घरात एकच होतं.

तो आला. पिशवी ठेवली. मी म्हटलं, ‘चौदा ते सोळा कुठे होतास?’ बावीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा एकेरी बोलले, आणि त्याला ते खटकलंसुद्धा नाही. लगेच खाली बसला. भावाच्या घराचा स्लॅब होता. भाऊ म्हणाला, माणसं कमी आहेत, ये. तेराच्या संध्याकाळी याने गोठ्याचं मधलं दार उघडलं, चोवीसच्या चोवीस आत घेतल्या, पाण्याची टाकी भरली आणि तीन दिवसांचा भरडा एकदम गव्हाणीत ओतला. ‘खातील हळूहळू, असं वाटलं.’ शेळीला उद्या कळत नाही रे बाबा! समोर आहे ते ती आजच संपवते. सोळाला दुपारी आला तेव्हा चार आडव्या होत्या. त्याने आधी काय केलं असेल? नळ्या भरल्या. मला फोन नाही, डॉक्टर नाही. आधी नळ्या. मेलेल्यांत डोंगरावरच्याही होत्या, पण मी तेव्हा त्याच्या शब्दावर गेले.

मी म्हटलं, ‘सहा महिने मी माझ्या बहिणीला शिव्या घालते आहे. तू बसून ऐकलंस.’

तो म्हणाला, ‘तिला माहीत आहे.’

डिसेंबरात तू आली होतीस म्हणे. मी डोंगरावर होते. तुला आकडे बघून कळलं होतं, विचारायला आलीस. त्याने पाय धरले, माझ्या डोळ्याचं सांगितलं, ‘तिला धक्का बसला तर डोळा जाईल, घर मोडेल, तिला सांगू नका’ म्हणाला. आणि तू शब्द दिलास. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या कपात चहा पिऊन दिलास. संध्याकाळी मी विचारलं होतं, दुसरा कप कुणाचा? म्हणाला, औषधवाला येऊन गेला.

अहवालात नाव न घेता ‘पालक’ लिहिलंस, तुला वाटलं तो कार्यालयात कोण वाचतो. शब्द मोडायचा नव्हता म्हणून आकडे पाठवलेस, ड्रायव्हरच्या तोंडून प्रश्न पाठवलास. फार हुशार आहेस. एवढी हुशारी करण्यापेक्षा एकदा खरं बोलली असतीस तर? डोळ्याला धक्का बसेल म्हणून तुम्ही दोघांनी मला गोठ्यात ठेवलंत, दार लावून, सोयीचं तेवढं समोर टाकून.

त्याने फसवलं, त्याचं दुःख मोठं आहे, ते मी अजून मोजू शकलेले नाही. पण तो आधीपासून भित्रा आहे. तू भित्री नव्हतीस. तुला मी वाढवलं आहे.

तो म्हणतो, सुनावणीत सगळं सांगेन. मी हो म्हटलं.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

काल सुनावणी झाली. तू आली नाहीस. तुझी चिठ्ठी आली, ‘मृत्यूचे कारण अहवालात नमूद आहे.’ अधिकाऱ्याने ती मोठ्याने वाचली.

खोली लहान होती. एक लांब टेबल, पंखा, भिंतीवर जनावरांच्या रोगांचा तक्ता. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डोळा, हॉस्पिटल, आधी केलेल्या सह्या. हॉस्पिटलचा कागद दाखवला. मग म्हटलं, भरडा कुणी आणि कसा ओतला ते आता माझे पती सांगतील.

मागच्या बाकावर त्याचा भाऊ येऊन बसला होता. मी बोलावलं नव्हतं.

अधिकाऱ्याने विचारलं, ‘तुम्ही त्या तीन दिवसांत कुठे होता?’

तो उठला. शर्टाचं बटण चाचपलं. म्हणाला, ‘घरीच, साहेब. मापानेच घातलं. हिची तब्येत तेव्हापासून नीट नसते. मनात घेते काहीबाही.’

माझ्याकडे बघून म्हणाला, धाकटे. खाली मान घालून बोलला असता तरी मी थोडं समजून घेतलं असतं. बघून बोलला.

मी तुझे आकडे पुढे केले. अधिकारी म्हणाला, ‘हे छापील कागद आहेत बाई, छापताना चूक झाली असेल. मूळ नमुने आहेत का?’ मी म्हटलं, संस्थेत आहेत. तो म्हणाला, मग आणा, पंधरा दिवसांत अपील करता येतं. तोवर निकाल असा: खोट्या सह्या करणाऱ्या पालकाचा परवाना रद्द. पण घरातल्या दुसऱ्या जबाबदार माणसाच्या नावावर कळप ठेवता येतो. आणि त्याने परवान्याच्या कोऱ्या अर्जावर तुझ्या दाजीचं नाव लिहिलं. ‘तुमची हरकत नाही ना?’ तो म्हणाला, नाही.

अकरा शेळ्या मारणाऱ्याच्या हाती उरलेल्या एकोणतीस दिल्या, आणि त्याने घेतल्या. भाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून बाहेर गेला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, ‘शेळ्या घरातच राहिल्या ना? मग झालं तर.’ त्याला खरंच वाटतं की झालं.  मी बॅग भरली.

आता तुझ्याशी बोलते. बहात्तर नळ्या तुझ्या फ्रीजरमध्ये आहेत. प्रत्येकीवर तारीख त्याच्या हाताने लिहिलेली आहे आणि प्रत्येकीत एकाच घमेल्यातलं आहे. अधिकाऱ्याला ते दाखवायला, समजावून सांगायला तू लागतेस. तू लिहिलेल्या अहवालात तुलाच दुरुस्ती करावी लागेल. तुझं नाव खराब होईल, लोक विचारतील डिसेंबरपासून गप्प का होतीस. माझ्याही सह्यांची शिक्षा होईल ती होईल, मी भोगीन. पण शेळ्या त्याच्या हातात राहू देणार नाही.

त्याला दिलेला शब्द मोड. तो तुझा दाजी म्हणून दिलास, माझ्यामुळे तो तुझा दाजी झाला. मी सांगते, मोड.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. पहाटेच्या गाडीने आले. तुझ्या संस्थेच्या गेटवरच्या खोलीत, रजिस्टरशेजारच्या लाकडी बाकावर बसून लिहिते आहे, आणि रखवालदाराच्या हाती वर पाठवते आहे. तो म्हणतो, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, तिला सांग ताई आली आहे, तक्त्यांवर सही करायला नाही.

नळ्या घे आणि खाली ये. अपिलाचं कार्यालय इथेच शहरात आहे, दुपारी बंद होतं.

ताई